चाकांवरची मागची खोली

रेनो कांटोलाबद्दल सांगायचं तर आधी माझी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला भली बाई समजायला नको.

मागच्या ऑक्टोबरात मी माझा बार विकला. एकतीस वर्षं चालवला. गुडघे गेले, डावा खांदा गेला, आणि शेवटी शेवटी तर कुणी "बर्नी, अजून एक" म्हटलं की बीअरच्या नळाला हात घालण्याआधी मला क्षणभर उभं राहून बळ गोळा करावं लागायचं. विकत घेणारा डुलुथ शहराचा, चाळिशीचा, दाढी नीट कातरलेला माणूस होता. नाव ग्रेडन. त्याने नळ पाहिले, छप्पर पाहिलं, तळघर पाहिलं आणि मागच्या खोलीच्या दारात येऊन थांबला. खोलीत रेनोचं लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, होतं, भिंतीला टांगलेल्या लाकडी दांड्या होत्या. रेनो मात्र नव्हता, तो डोळे दाखवायला डॉक्टरकडे गेला होता.

"हे पूलच्या खेळातल्या काठ्या दुरुस्त करणारे गृहस्थ," ग्रेडन म्हणाला, "ते राहतील ना इथंच? मला चालेल. उलट लोकांना बघायला आवडेल."

"नाही," मी म्हणाले. "तो बंदच करतोय आता. वय झालं त्याचं."

झालं, एवढंच. रेनो काही बंद करत नव्हता. त्याच दिवशी सकाळी त्याने भिंतीत आणखी चार खुंट्या ठोकल्या होत्या. मी तसं का बोलले, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. दमले होते एवढं खरं.

आमचा भाग लोखंडाच्या खाणींचा. उत्तर मिनेसोटातलं गाव, सहा महिने बर्फ, आणि उरलेले सहा महिने पुढच्या बर्फाची तयारी. रेनो खाणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होता. खाण बंद पडली तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा. वर्कशॉपचं सामान लिलावात निघालं, त्यातलं सगळ्यात लहान लेथ त्याने उचललं आणि माझ्या दारात आला. "बर्नी, तीन आठवडे ठेवू का मागच्या खोलीत?" मी म्हणाले, ठेव. त्या तीन आठवड्यांची बावीस वर्षं झाली.

हिवाळ्यात आमच्याकडे माणसं दोनच गोष्टी करतात. एक तर गोठलेल्या तळ्यावर जाऊन मासे धरतात, नाहीतर बारमध्ये पूल खेळतात, म्हणजे बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा चेंडूंचा खेळ. प्रत्येक बारचा संघ असतो, संघांच्या स्पर्धा असतात, आणि ज्याला धड दोन चेंडूसुद्धा खड्ड्यात घालता येत नाहीत त्याच्याकडेही स्वतःची काठी असते, पेटीत घालून आणलेली. काठीच्या टोकाला चामड्याची टिप असते, करंगळीच्या नखाएवढी. ती झिजते, फुगते, निसटते. टिपेखाली पांढरी टोपी असते, ती तडकते. मग काठी लेथवर चढवून टिप नवी बसवायची आणि तिच्या कडा हातातल्या हत्याराने दांडीबरोबर साफ करायच्या. केसभर जास्त गेलं तर दांडीचं लाकूड कापलं जातं, आणि लाकूड काही परत येत नाही.

अख्खी नवी दांडी, म्हणजे काठीचा पुढचा अर्धा भाग, करायची असली तर रेनोची रीत अशी, की मेपलचा दांडा आज थोडासा उतरवायचा आणि खुंटीला टांगून ठेवायचा. लाकूड कापलं की वळायला बघतं. त्याला काय वळायचं ते वळू द्यायचं. दहा दिवसांनी पुन्हा थोडं. असं महिनोन्‌महिने. "त्याला घाई नाही," रेनो म्हणायचा, "तर मी कशाला करू?"

आणि एक सांगायचं राहिलं. पूल खेळणारा माणूस आपली काठी कुणाकडे ठेवून जात नाही. गाडी मेकॅनिककडे टाकून जाईल, पोरं शेजारणीकडे टाकून जाईल, पण काठी नाही. दुरुस्ती चालू असताना तो शेजारी उभा राहतो, लेथकडे डोळे लावून, आणि बोलत असतो. बायकोचं, खाणीचं, गुडघ्याचं, जे असेल ते. रेनो स्वतः दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस. घरी तो एकटा, मुलगी अ‍ॅरिझोनात. त्या मागच्या खोलीत गावाचं बोलणं त्याच्या कानावर पडायचं तेवढंच. मी ग्रेडनला ते वाक्य बोलले तेव्हा हे सगळं मला माहीत होतं.

बार विकल्याचं सांगितलं तेव्हा रेनो "हं" म्हणाला. मग म्हणाला, "खोली?"

"त्याला ती खोली हवीय," मी म्हणाले. हे दुसरं खोटं.

त्याच्या घराच्या तळघरात ओल, तिथं लाकूड टिकायचं नाही. आणि घरी कोण येणार? टेबलं जिथं, माणसं तिथं. आठवडाभर त्याने विचार केला आणि मला सांगितलं, की आता आपण स्पर्धांच्या मागे फिरायचं. त्याच्याकडे बर्फावरची मासेमारीची गाडी होती. गाडी म्हणजे चाकांवरची छोटी खोलीच. तळं गोठलं की ती पिकअपमागे ओढत न्यायची, हँडल फिरवून चाकं वर घ्यायची, की खोली बर्फावर बसते. खोलीच्या तळाला दोन्ही भिंतींलगत तीन-तीन गोल भोकं असतात. त्यांतून बर्फाला भोक पाडायचं आणि आत शेगडीशेजारी बसून गळ सोडायचा. रेनोने गुडघ्यांमुळे तीन वर्षं ती गाडी हलवली नव्हती.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"मार्लिसला शब्द दिलाय. जमलं नाही तर लेथ विकायचं आणि तिच्याकडे जायचं."

मार्लिस म्हणजे मुलगी. तिच्या घरामागे म्हणे एक खोली आहे, थंड हवेच्या मशीनवाली. मी एकदा फोटो पाहिला होता. पलंग, टीव्ही आणि खिडकीबाहेर दगड.

नोव्हेंबर ते जानेवारी आम्ही ती गाडी तयार केली. आम्ही म्हणजे तो. मी थर्मासमधून कॉफी न्यायची, अक्रोडाचा रोल न्यायची, आणि फळ्यांना रंग द्यायची. मला घरी बसवत नव्हतं. रेनोला वाटत असेल बिचारी बार गेल्यामुळे मोकळी पडलीय. त्याने सगळ्यात जास्त वेळ लावला तो त्या सहा भोकांना. प्रत्येक भोकाच्या मापाची प्लायवूडची चकती कापली, डिंक लावून बसवली, खालून पट्टी मारली, वरून घासून अशी एकजीव केली की हात फिरवला तरी सांधा कळू नये. आठ दिवस गेले त्यात.

"इतकं कशाला?" मी म्हणाले. "वर लिनोलियम टाकणारच आहेस ना?"

"खालून ओल आली तर दांड्या वाकतील," तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. मग जमिनीवर लिनोलियमचं जाजम टाकलं, लेथ जमिनीला बोल्टने आवळलं, आणि खुंट्यांवर दांड्या टांगल्या. खोली इतकी अरुंद, की लेथशी उभं राहिलं तर पाठ समोरच्या भिंतीपासून हातभर.

पहिली स्पर्धा फेब्रुवारीत, एका मोठ्या कसिनोच्या हॉलमध्ये. ऐंशी संघ. गाडी पार्किंगमध्ये लावली, चाकं वर घेतली, हॉलमधून वीज आणली. पण पार्किंग म्हणजे तळं नव्हे. बर्फ सपाट असतो. डांबर कुठे उंच, कुठे खोल. गाडी तीन कोपऱ्यांवर बसली, चौथा लोंबत राहिला. रेनोने खाली पाचरी मारल्या. तरी कुणी पायरीवर पाय ठेवला की गाडी कमरेतून लचकायची.

दहाच्या सुमाराला रेनोने नियम केला. मशीन चालू असताना कुणी चढायचं नाही.

"म्हणजे मी बाहेर उभं राहू?" कॅरलीन ओस्टबी म्हणाली. कॅरलीन शाळेची बस चालवते, आणि माझ्या बारच्या संघाची अकरा वर्षं कप्तान होती. "बाहेर उणे वीस आहे, म्हाताऱ्या."

"तू हललीस की गाडी हलते."

"माझ्या वजनावर येऊ नकोस."

"वजन नाही म्हणालो. हलणं म्हणालो. हॉलमध्ये जाऊन बस, झाली की हाक मारतो."

"काठी इथं टाकून? नवऱ्याला टाकून जाईन एक वेळ."

शेवटी ठरलं, की ती आत एका स्टुलावर बसेल आणि श्वाससुद्धा जपून घेईल. तिची टिप सकाळी पहिल्याच डावात उडाली होती आणि तासाभरात पुढचा सामना होता. ती काठी एकवीस वर्षांची, दांडी रेनोनेच केलेली. कॅरलीन हात मांडीवर ठेवून पुतळ्यासारखी बसली. गप्प. बाहेर आणखी चौघं-पाचजण आपापल्या पेट्या छातीशी धरून पाय आपटत उभे होते, तेही गप्प. बावीस वर्षांत रेनो काम करतोय आणि आजूबाजूला कुणी बोलत नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

मला ते बघवेना. मी हॉलमध्ये जाऊन त्याच्यासाठी कॉफी आणली. येताना बर्फावरून पाय सांभाळत होते, हात पोळत होते, आणि डोक्यात एवढंच, की सकाळपासून याच्या पोटात काही नाही. नियम मला पाठ होता. सकाळी तोच नियम मीच ओरडून चौघांना सांगितला होता. तरी मी सरळ येऊन पायरीवर पाय ठेवला.

गाडी खाली गेली. आतून एक आवाज आला, बारीक, वाळकी काडी मोडल्यासारखा. मग मशीन बंद झालं.

हत्यार टिपेवरून घसरून टोपीच्या मागे लाकडात शिरलं होतं. दांडीला चारी बाजूंनी खाच पडली होती, नखाएवढी खोल. रेनोने दांडी काढली, खिडकीशी धरली, अंगठा फिरवला. कॅरलीनने पण अंगठा फिरवला. कुणीच माझ्याकडे बघितलं नाही. मी कॉफीचा कप धरून तशीच अर्धी आत, अर्धी बाहेर.

"संपली," रेनो म्हणाला. "नवी करून देतो. वेळ लागेल."

कॅरलीन त्या दिवशी उसन्या काठीने खेळली आणि संघ तिसऱ्या फेरीत बाहेर पडला. माझ्याशी बोलायला आली तेव्हा म्हणाली, "जाऊ दे बर्नी, तसंही आम्ही काही जिंकणार नव्हतो." तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रेनोने उरलेल्या लोकांच्या पेट्या न उघडता परत केल्या, लेथवर चादर टाकली आणि गाडी जोडली. परत येताना दीड तास पिकअपमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मी तीन वेळा तोंड उघडलं. "चूक माझी" एवढंच म्हणता आलं.

"चूक जमिनीची," तो म्हणाला. "काँक्रीटवर मी बावीस वर्षांत एकदाही चुकलो नाही." मग थोड्या वेळाने, "कॅरलीनची दांडी झाली की विकतो लेथ. एकजण बघायला येतोय."

आठ-दहा दिवस मी त्याच्याकडे गेले नाही. मार्चच्या सुरुवातीला गेले. अंगणात बर्फ अजून गुडघाभर, गाडी गॅरेजशेजारी, आणि रेनो आत मेपलचा एक दांडा लेथवर चढवून नुसता बसलेला. चार वर्षं टांगलेला दांडा होता तो, कुणासाठी म्हणून ठेवला नव्हता.

"मी एकटा असलो तरी हलते," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "या पायावरचा भार त्या पायावर घेतला तरी हलते. पहिला हात मारला, लाट उठली लाकडावर. कॅरलीनची दांडीसुद्धा होणार नाही माझ्याकडून."

मशीन बंद होतं म्हणून मी चढले. माझे बूट बर्फाचे, जड. लेथच्या मागे सरकताना टाच कुठेतरी जोरात पडली आणि आवाज पोकळ आला. पुढे पाऊल टाकलं, आवाज घट्ट. पुन्हा मागे टाकलं, पोकळ. मी लहान मूल असल्यासारखी दोन-तीनदा तिथंच टाच आपटली.

"काय करतेस?"

"इथं खाली काय आहे रे?"

"भोक." तो म्हणाला. "म्हणजे होतं."

"आणि त्याच्या खाली?"

"त्याच्या खाली काय असणार, जमी..." तो थांबला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे. मग त्याने खाली लिनोलियमकडे बघितलं, जिथं त्याने आठ दिवस घासून घासून सहा भोकं अशी बुजवली होती की देवाला सुद्धा सापडू नयेत. जन्मभर त्या भोकांतून मासे काढले या माणसाने. सरळ खाली, जमिनीपर्यंत, गाडीला न शिवता जाणारी वाट तीच होती, आणि पहिलं काम काय केलं, तर ती बंद केली.

"मी मूर्ख आहे," रेनो म्हणाला.

"मी पण होतेच की इथं. रंग देत होते."

तो हसला. आवाज न करता, खांदे हलवत, आणि गाडी हलली, तर आणखी हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्याचा चेहरा असा मोकळा झाला होता आणि माझ्याच्याने आता राहवेना. तो आनंदात असताना सांगणं जास्त वाईट, हे मला कळत होतं. पण मी थकले होते ते ओझं घेऊन हिंडताना.

"रेनो, खोली ग्रेडनला नको होती. तो म्हणाला होता तू राहा म्हणून. मी त्याला सांगितलं की तू बंद करतोयस."

तो दांड्यावरून हात फिरवत राहिला.

"कितीदा विचारलं त्याने?"

"एकदाच."

"आणि तू का सांगितलंस तसं?"

"दमले होते. एक काम कमी, असं वाटलं." मग खरं ते सांगितलं. "माझ्याशिवाय ती खोली चालू राहील हे मला सहन होईना. मी घरी बसणार, आणि तू तिथं, सगळे तिथं. म्हटलं, संपायचं तर सगळंच संपू दे."

बाहेर छपरावरून बर्फाचा ढेपसा खाली पडला.

"घरी जा, बर्नी," तो म्हणाला. रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते.

त्यानंतर दोन महिने आमची भेट नाही. कळायचं ते कॅरलीनकडून. ती बस सोडून घरी जाताना त्याच्याकडे डोकावायची, आपली दांडी कुठवर आली बघायला. तिने सांगितलं, की रेनोने सगळं लिनोलियम फाडलं. एका भिंतीकडची दोन भोकं उघडली, त्यांतून दोन लोखंडी खांब खाली सोडले, खांबांना खाली फिरवून उंची लावायचे पाय, वर आडवा गर्डर, आणि गर्डरवर लेथ. गाडीला कुठेही न टेकलेलं. आणि पहिल्या दिवशी तिने मुद्दाम पायरीवर उडी मारून बघितली तर काम पहिल्यापेक्षा वाईट.

"का?" मी विचारलं.

"लेथ जमिनीवर, म्हातारा गाडीत. त्याचाच हात हलला." कॅरलीन हसत होती. "दोन मिनिटं नुसता उभा राहिला आणि म्हणाला, म्हणजे मला पण खाली टेकायला पाहिजे."

मग त्याने समोरच्या भिंतीकडचं मधलं भोक उघडलं आणि त्यातून तिसरा खांब सोडला, वर ट्रॅक्टरची जुनी सीट, आणि पाय ठेवायला त्याच खांबाला आडवी दांडी. त्या सीटवर बसला की तो आणि लेथ दोघंही जमिनीचे. गाडी त्यांच्याभोवती नुसती आडोशाला. मासे धरायला बसायचा तसाच बसतो म्हणे, पाठ वाकवून.

"माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"त्याने काही म्हटलं असतं तर मी तारीख लिहून ठेवली असती," कॅरलीन म्हणाली.

मेच्या पहिल्या शनिवारी दोन तासांवरच्या एका गावात स्पर्धा होती, हॉकीच्या हॉलमध्ये. उन्हाळ्यासाठी तिथला बर्फ काढला होता आणि टेबलं मांडली होती. मला संघाच्या लोकांनी गुण लिहायला बोलावलं. जिवावर आलं होतं, तरी गेले. घरी भिंतीकडे बघून तरी काय करणार होते?

रेनोची गाडी हॉलच्या मागच्या दाराशी होती. लांबूनच मला आवाज ऐकू आला, लेथचा नाही, माणसांचा. आत तिघं दाटीवाटीने उभे होते, एकजण दारात टेकून, दोघं पायरीवर बसून सँडविच खात. सगळे एकाच वेळी बोलत होते. एकाच्या मेव्हण्याने म्हणे बोट विकली आणि पैसे घेतलेच नाहीत, दुसरा म्हणत होता की त्या बोटीला पैसे उलट द्यायला हवे होते. मी रांगेच्या शेवटी उभी राहिले. माझ्या हातात काठी नव्हती. काठी नसलेला माणूस त्या रांगेत काय करतो, हे कुणी विचारू नये म्हणून मी गुणांची वही छातीशी धरली होती.

रेनो दिसत होता. सीटवर बसलेला, चष्मा नाकावर. लेथवर कॅरलीनची नवी दांडी, पांढरीशुभ्र, अजून एकदाही निळा खडू न लागलेली. टिप बसवून झाली होती, कडा साफ करायच्या राहिल्या होत्या. कॅरलीन शेजारी उभी आणि या वेळी तोंड बंद नव्हतं तिचं, बसमधल्या कुठल्या पोराने कुणाच्या डब्यात बेडूक घातला ते सांगत होती. पण हत्यार टेकवायची वेळ आली तशी तीही हळूहळू थांबली. बाकीचेही. फेब्रुवारी सगळ्यांच्याच लक्षात होता.

रेनोने मान वर केली. दारातून, माणसांवरून, त्याची नजर माझ्यापर्यंत आली. दोन महिन्यांनी. त्याचे डोळे खोल गेले होते.

"बर्नी," तो म्हणाला. "कॉफी आण."

मी हॉलमध्ये गेले. कॉफी घेतली, साखरेचा खडा बशीत ठेवला, कारण तो दातात धरून पितो. परत आले तेव्हा पायरीवरचे दोघं उठून बाजूला झाले होते, दारातलाही सरकला होता, आणि आत लेथ फिरत होतं. हत्यार टिपेच्या कडेला लागलेलं. चामड्याचा बारीक भुगा त्याच्या मनगटावर पडत होता.

मी पायरीशी थांबले. आधी त्याने मशीन बंद करावं म्हणून थांबले. बावीस वर्षं मागच्या खोलीतसुद्धा कुणी दारातून आत आलं की तो हत्यार उचलायचा. मी थांबले, आणि तो थांबेना.

"चढ," तो म्हणाला, डोळे दांडीवरच.

"होऊ दे तुझं."

"चढ म्हणतो ना."

मी पायरीवर पाय ठेवला. माझं वजन काही कमी झालेलं नव्हतं. गाडी लचकली, खुंट्यांवरच्या दांड्या एकमेकींवर टकटक आपटल्या, कॅरलीनने फळीला हात लावून स्वतःला सावरलं, कप बशीत हलला. मी दुसरा पाय आत ठेवला तशी गाडी आणखी खाली गेली. रेनो तेवढा होता तिथंच होता. माझ्या हातातली कॉफी त्याच्या कोपराशी येईपर्यंत लेथ फिरत राहिलं. त्याने ते बंद केलं नाही.